करवतीचा भाव नव्हे, पडतळ पाहा
नवे टेबल सॉ घेणाऱ्या कारागिरांसाठी किंमत आणि वाहतूक-खर्चाचा हिशेब

कोणताही माल घेताना दोन आकडे असतात. एक भाव आणि दुसरी पडतळ. सुरतेला किंवा भिवंडीला कापडाचा मीटरला काय भाव आहे, हे दुकानात नव्याने लागलेला पोरगाही सांगतो. तेच कापड मानवतच्या दुकानात फळीवर चढेपर्यंत मीटरला काय पडले, हे ज्याला सांगता येते तो व्यापारी. भाड्याचा, हमालीचा, कराचा आणि वाटेतील नुकसानीचा हिशेब ज्याने केला नाही, त्याला विक्री झाली तरी नफा कुठे गेला ते कळत नाही.

आमचा धंदा कापडाचा, लाकडाचा नव्हे. परंतु गाठीची बिल्टी आणि यंत्राची बिल्टी एकाच प्रकारच्या कागदावर फाटते. म्हणून मानवत, पाथरी, सेलू भागातील सुतारकाम करणाऱ्या बांधवांना जी यंत्रे घेताना नेहमी अडचण येते, त्यांपैकी एकाचा, म्हणजे टेबल सॉचा, हिशेब या पाठात आम्ही मांडत आहोत. टेबल सॉ म्हणजे टेबलाच्या मधोमध फटीतून वर आलेली गोल करवत. मिस्त्री मंडळी तिला नुसते 'कटर' म्हणतात. फळी चिरणे, प्लायवूड कापणे, चौकटीचे नग सरळ काढणे ही कामे हातकरवतीपेक्षा ती कितीतरी लवकर आणि सरळ करते. पण छोट्या कारागिरासाठी ही कित्येक महिन्यांच्या बचतीची खरेदी असते. ती रक्कम एकदा चुकीच्या जागी अडकली की लाकूड घ्यायला भांडवल उरत नाही. त्यामुळे घाई नको.

भाव नेमका कशाचा?

विक्रेता फोनवर एक आकडा सांगतो. तो आकडा कशाकशाचा, हा पहिला प्रश्न.

बाजारात ढोबळमानाने दोन प्रकार आहेत. पहिला, नामवंत कंपन्यांचे हलके, उचलून नेता येणारे यंत्र. त्याचे पाते बहुधा १० इंची म्हणजे २५४ मिलिमीटरचे असते, वजन साधारण पंचवीस ते चाळीस किलो, मोटार आतच बसवलेली, आणि घरगुती सिंगल फेजवर चालणारे. हे यंत्र खोक्यात बंद, तयार मिळते. जागेवर जाऊन प्लायवूडचे फर्निचर करणाऱ्याला ते सोयीचे. दुसरा प्रकार बिडाच्या किंवा लोखंडी टेबलाचा, राजकोट, बटाला किंवा जवळपासच्या शहरांतील कारखान्यांत तयार होणारा. त्याचे वजन शे-दीडशे किलोपासून पुढे. मोटार वेगळी, पट्ट्यावर चालणारी. सागवान, बाभूळ, कडुनिंब असे जाड लाकूड रोज चिरणाऱ्या कारखान्याला हाच टिकतो.

दुसऱ्या प्रकारात भावाची खरी गफलत होते. कोटेशनवर 'मशीन' असे लिहिलेले असते, पण त्यात मोटार नसते. मोटार असली तर स्टार्टर नसतो. स्टार्टर असला तर पाते नसते. पुली आणि पट्टा यांचे वेगळे लावतात. कधी कधी सरळ कापण्यासाठी लागणारी आडपट्टीसुद्धा 'जादा' म्हणून मोजतात.

यात एक वस्तू अशी आहे की जी नसली तर भाव कमी दिसतो, पण किंमत बोटांनी चुकवावी लागते. पात्यावरचे झाकण आणि पात्याच्या मागे उभी राहणारी पातळ लोखंडी पट्टी. चिरलेले लाकूड मागे जाऊन पुन्हा मिटू लागते आणि पात्याला आवळते. मग वेगाने फिरणारे पाते ती फळी माणसाच्या अंगावर फेकते. मागची पट्टी लाकडाला मिटू देत नाही. दोन कोटेशनांची तुलना करताना एकात हे झाकण आणि पट्टी असेल व दुसऱ्यात नसेल, तर ती तुलनाच नव्हे.

पात्याचा आकारही भावाइतकाच महत्त्वाचा. १० इंची पाते टेबलाच्या वर साधारण तीन इंचांपर्यंतच येते. ज्याचे मुख्य काम दाराच्या जाड चौकटीचे आहे, त्याने स्वस्त म्हणून लहान पाते घेतले तर त्याला प्रत्येक नग उलटून दोनदा चिरावा लागेल. आणि ज्याला गोल ओंडके चिरायचे आहेत, त्याचा मार्गच वेगळा. ते सॉ मिलचे काम आहे, त्याला वन विभागाचा परवाना लागतो. सर्वोच्च न्यायालयाच्या २००२ च्या आदेशानंतर नव्या सॉ मिलवर मोठे निर्बंध आले. असे यंत्र घेण्यापूर्वी वन विभागाच्या कार्यालयात विचारणा केल्याशिवाय बयाणा देऊ नये.

विजेचाही खर्च पडतळीत धरावा. एक हॉर्सपॉवर म्हणजे ७४६ वॉट. म्हणजे दोन हॉर्सपॉवरची मोटार सुमारे दीड किलोवॉटची झाली आणि सुरू होताना ती त्याहून कितीतरी अधिक वीज ओढते. तीन हॉर्सपॉवर किंवा त्याहून मोठ्या मोटारीला थ्री फेज जोडणी असलेली बरी. दुकानात ती नसेल तर महावितरणकडे वाढीव भाराची मागणी, वायरिंग, मेन स्विच हा सर्व खर्च त्या यंत्राच्याच नावे पडतो. आखाती देशांत असलेल्या नातेवाइकाकडून यंत्र मागवणाऱ्यांनी यंत्रावरची पाटी आधी वाचून घ्यावी. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची आहे, सौदी अरेबियात ६० हर्ट्झची. ६० हर्ट्झसाठी बनवलेली साधी इंडक्शन मोटार येथे सहात पाचच्या गतीने फिरते.

कोणत्या गावापर्यंतचा भाव?

दुसरा प्रश्न, भाव कोठपर्यंतचा? कोटेशनवर 'एक्स फॅक्टरी' किंवा 'एक्स गोडाऊन' असे असेल तर तो भाव कारखान्याच्या दारातला. तेथून पुढचा पॅकिंगचा, चढवण्याचा, भाड्याचा आणि उतरवण्याचा सगळा खर्च घेणाऱ्याचा. 'एफओआर' असे असेल तर अनेक जण समजतात की भाडे माफ झाले. तसे नाही. एफओआर या शब्दापुढे गावाचे नाव काय आहे ते पाहावे. 'एफओआर राजकोट' म्हणजे राजकोटच्या ट्रान्सपोर्टमध्ये माल टाकून देईपर्यंत विक्रेत्याची जबाबदारी. 'एफओआर परभणी' म्हणजे परभणीपर्यंत. 'एफओआर मानवत, दुकानपोच' असे स्पष्ट लिहिले असेल तरच भाडे खऱ्या अर्थाने भावात आले. एका गावाच्या नावाने हजारांचा फरक पडतो.

हा फरक केवळ भाड्याचा नाही, जोखमीचाही आहे. १९३० च्या माल विक्री कायद्यानुसार, वेगळा करार नसेल तर, विक्रेत्याने तुमच्या नावाने माल ट्रान्सपोर्टच्या हवाली केला की तो सामान्यतः तुम्हालाच दिला असे धरतात. मालकी गेली की जोखीमही जाते. म्हणजे वाटेत टेबलाला तडा गेला तर विक्रेता म्हणू शकतो, 'आम्ही माल चांगला दिला होता, ही बिल्टी पाहा.' म्हणून दुकानपोच भाव ठरवला असेल तर 'माल सुस्थितीत पोचेपर्यंत जबाबदारी विक्रेत्याची' हे एक वाक्य कोटेशनवर लिहून घ्यावे. तोंडी आश्वासनाला कागदाची सर येत नाही.

मानवतची वाट

आपले गाव कल्याण-निर्मल राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ६१ वर आहे. मुंबई-भिवंडीकडून साडेचारशे किलोमीटरहून अधिक अंतर, राजकोटहून आठशेहून अधिक. गावाच्या नावाचे रेल्वे स्टेशनही आहे, मानवत रोड, परंतु ते गावाला लागून नाही. रेल्वेने काही आणले तरी तेथून पुढे टेम्पो लागतोच.

पूर्ण ट्रकभर माल असेल तर गाडी थेट दारात येते. एक-दोन नगांसाठी तसे होत नाही. सुटा माल मोठ्या ट्रान्सपोर्टच्या गोदामातून गोदामात फिरतो आणि बहुतेक वेळा परभणी, जालना किंवा छत्रपती संभाजीनगरच्या गोदामात येऊन थांबतो. तेथून मानवतपर्यंतचा शेवटचा टप्पा हा सर्वांत महाग असतो, कारण दीडशे किलोच्या एका नगासाठीही 'छोटा हत्ती' पूर्ण भाड्याने करावा लागतो. कित्येकदा राजकोट ते परभणीचे भाडे आणि परभणी ते मानवतचे तीस-पस्तीस किलोमीटरचे भाडे यांत फारसे अंतर राहत नाही. कोटेशनमध्ये हा टप्पा जवळजवळ कधीच नसतो.

त्यावर उपाय आहेत. पहिला, गावातील कापड, किराणा व हार्डवेअरच्या दुकानदारांना विचारावे की कोणत्या ट्रान्सपोर्टची गाडी मानवतपर्यंत येते आणि कोणत्या वारी येते. विक्रेत्याला सांगावे की माल त्याच ट्रान्सपोर्टने टाका. दुसरा, दोघा-तिघा कारागिरांनी मिळून यंत्रे किंवा सुटे भाग एकाच वेळी मागवावेत, म्हणजे शेवटचा टेम्पो वाटून पडतो. तिसरा उपाय हंगामाचा. कापसाच्या दिवसांत मानवतहून गाठी भरून गाड्या बाहेर जातात. गाठी भरायला येणाऱ्या गाडीला रिकामे येणे परवडत नाही. त्या दिवसांत जिनिंग-प्रेसिंगच्या गाडीवाल्यांकडे चौकशी केली तर येणारे भाडे घासाघीस करून ठरवता येते.

गोदामाच्या बाबतीत एक गोष्ट तजुर्ब्याने सांगतो. एका ट्रान्सपोर्टच्या गोदामात आमच्या चार गाठी नऊ दिवस पडून होत्या. बिल्टीवर आमचा फोन नंबर असूनही निरोप कोणी दिला नाही. डेमरेज मात्र दिवस मोजून घेतले. म्हणून बिल्टी हाती पडताच दोन गोष्टी विचाराव्यात. गोदामात किती दिवस भाड्याशिवाय माल ठेवता? आणि त्यानंतर रोजचा आकार काय? आणि निरोपाची वाट न पाहता रोज आपणच फोन करावा.

वजन की आकार?

भाडे किलोवर लागते असा सर्वांचा समज आहे. तो अर्धाच खरा आहे. गाडीवाल्याकडे विकायला दोन वस्तू असतात, वजन उचलण्याची ताकद आणि जागा. जो माल वजनाने हलका पण जागा फार अडवतो, त्याचे भाडे पार्सल कंपन्या आकारावर लावतात. मानवतच्या माणसाला हे वेगळे समजवायला नको. कापूस दाबून १७० किलोची गाठ का बांधतात? सुटा कापूस गाडीत भरला तर गाडी भरेल, पण भाडे निघणार नाही. कापडाच्या गाठीही त्याच कारणाने आवळून बांधतात.

यंत्रालाही हाच नियम लागू आहे. लांबी, रुंदी, उंची इंचांत मोजून तिघांचा गुणाकार करावा व १,७२८ ने भागावे म्हणजे घनफूट निघतात. कंपनी एका घनफुटाला ठरावीक किलो धरते आणि खरे वजन व हे मानलेले वजन यांतील जे अधिक त्यावर भाडे लावते. समजा १६० किलोचे यंत्र पायांसकट उभे पॅक केले, खोके ४८ × ३६ × ४० इंच झाले. ते ४० घनफूट भरले. घनफुटाला ८ किलो धरले तर वजन मानले जाईल ३२० किलो, म्हणजे दुप्पट भाडे. तेच यंत्र पाय सोडवून आडवे बांधले आणि उंची १८ इंचांवर आली, तर १८ घनफूट, मानलेले वजन १४४ किलो. आता भाडे खऱ्या १६० किलोवरच लागेल. पाय जोडायला चार-आठ नटबोल्ट आवळायचे आहेत, त्यासाठी दुप्पट भाडे कशाला? म्हणून 'पाय सोडवून, आडवे, लाकडी पेटीत' अशी पॅकिंगची सूचना आधीच द्यावी आणि घनफुटाला किती किलो धरतात ते कंपनीला विचारून घ्यावे.

कराचा भाग

पूर्वी जकात नाक्यांचा त्रास होता. राज्यात ती टप्प्याटप्प्याने गेली आणि मुंबईची जकात १ जुलै २०१७ रोजी, जीएसटी आला त्याच दिवशी, बंद झाली. आता लाकूडकामाच्या यंत्रांवर १८ टक्के जीएसटी आहे. महाराष्ट्रात घेतले तर बिलावर ९ अधिक ९ असे दोन भाग दिसतात, गुजरात किंवा पंजाबातून घेतले तर एकच १८ टक्के आयजीएसटी. एकूण भार तोच. 'बाहेरच्या राज्यातून घेतले तर कर वाचतो' हे म्हणणे खोटे आहे.

भाड्याबाबत मात्र फरक पडतो. दुकानपोच भावात विक्रेत्याने पॅकिंग आणि भाडे आपल्या बिलात धरले, तर त्यांवरही यंत्राच्याच दराने, १८ टक्के, कर लागतो. भाडे तुम्ही स्वतः ट्रान्सपोर्टला दिले आणि तुमची जीएसटी नोंदणी नसेल, तर त्या भाड्यावर साधारणपणे तुम्हाला कर पडत नाही. नोंदणीकृत व्यापाऱ्याला ट्रान्सपोर्टच्या भाड्यावर काही वेळा स्वतःच कर भरावा लागतो. ते आपल्या कर सल्लागाराला विचारावे.

ज्याची नियमित नोंदणी आहे, त्याला यंत्रावर भरलेला कर पुढच्या करातून वळता करून घेता येतो. अट अशी की बिल त्याच्या जीएसटी क्रमांकावर असावे आणि कराच्या रकमेवर त्याने घसारा लावलेला नसावा. कंपोझिशन योजनेतील व बिननोंदणीच्या कारागिराला ही सवलत नाही. त्याच्यासाठी १८ टक्के हा पूर्ण खर्चच. पक्के बिल मात्र दोघांनीही घ्यावे. बिल नसेल तर हमी नाही, विमा नाही आणि तक्रारीला आधारही नाही.

ई-वे बिलाची मर्यादा ध्यानात ठेवावी. परराज्यातून येणाऱ्या मालाची करासह किंमत ५० हजारांहून अधिक असेल तर ई-वे बिल लागते. महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात ही मर्यादा एक लाखाची आहे. दर २०० किलोमीटरला एक दिवस अशी त्याची मुदत असते. ते नसेल तर माल वाटेत अडवला जातो आणि कराच्या दुप्पट दंड होऊ शकतो. ते कोण काढणार, हे आधी ठरवावे.

दोन कोटेशनांचा हिशेब

आता उदाहरण घेऊ. पुढील आकडे समजण्यासाठी मानलेले आहेत. प्रत्येकाने आपले आकडे त्या जागी घालावेत.

पहिले कोटेशन राजकोटचे. मशीन रु. ३२,०००, एक्स फॅक्टरी, मोटारीशिवाय.
दुसरे कोटेशन छत्रपती संभाजीनगरच्या विक्रेत्याचे. मशीन रु. ४६,०००, मोटार, स्टार्टर, पाते यांसह, मानवत दुकानपोच, बसवून. दोन्हीवर कर वेगळा.

ऐकताना पहिले चौदा हजारांनी स्वस्त आहे. आता पडतळ काढू.

पहिल्याची पडतळ:
मशीन ३२,०००, मोटार-पुली-पट्टा ८,०००, पॅकिंग १,५००. एकूण ४१,५००.
जीएसटी १८ टक्के ७,४७०. बिल ४८,९७०.
परभणीपर्यंत भाडे १६० किलो, दर १२ रुपये, १,९२०. बिल्टी व गोदाम हमाली २३०.
परभणी ते मानवत टेम्पो १,५००. दुकानात उतरवण्याची हमाली ४००.
स्टार्टर व पाते, करासह, २,३६०.
वाहतूक विमा १५०. बसवणाऱ्या मिस्त्रीची मजुरी १,०००.
एकूण रु. ५६,५३०.

दुसऱ्याची पडतळ:
मशीन ४६,०००, जीएसटी ८,२८०. बिल ५४,२८०. उतरवण्याची हमाली ४००.
एकूण रु. ५४,६८०.

म्हणजे चौदा हजारांनी महाग दिसणारे यंत्र १,८५० रुपयांनी स्वस्त पडले. ज्याला कर वळता करून मिळतो त्याचे पहिल्याचे ७,८३० आणि दुसऱ्याचे ८,२८० वजा केले, तर उरतात ४८,७०० आणि ४६,४००. त्याच्यासाठी फरक २,३०० चा. शिवाय पहिल्या बिलाची रक्कम ४८,९७० आहे. मोटार हजार-बाराशेने महाग घेतली की ते ५० हजारांपलीकडे जाते आणि ई-वे बिल लागते. दुसरे ५४,२८० चे असूनही राज्यातलेच असल्याने त्याला ते लागत नाही.

याचा अर्थ राजकोटचा माल घेऊ नये असा मुळीच नाही. ज्याच्याकडे जुनी चांगली मोटार व स्टार्टर आहे, किंवा तिघे मिळून माल मागवत आहेत, त्यांच्यासाठी हाच हिशेब उलटू शकतो. सांगायचे एवढेच की भावाशी भाव ताडू नये, पडतळीशी पडतळ ताडावी.

वाटेतील नुकसान

सुट्या मालात नग चार-पाच वेळा चढतो-उतरतो. बीड हा धातू ठिसूळ. आदळले तर वाकत नाही, तडकते. म्हणून बिल्टीवर काय लिहिले आहे ते वाचावे. २००७ चा रस्ते मालवाहतूक कायदा २०११ पासून लागू आहे. त्यानुसार मालाची किंमत जाहीर करून जादा जोखीम-दर भरलेला नसेल, तर ट्रान्सपोर्टची जबाबदारी भाड्याच्या दहापटीपुरतीच राहते. वरच्या उदाहरणात भाडे १,९२० रुपये. दहापट म्हणजे १९,२००. माल मात्र ४९ हजारांचा. उरलेले तीस हजार कोणाचे? म्हणून शे-दोनशे रुपयांचा विमा हा खर्च नव्हे, भांडवलाची राखण आहे.

डिलिव्हरी घेताना घाई करू नये. पेटी फुटलेली, ओली किंवा उलटी दिसली तर गोदामातच उघडून पाहण्याची मागणी करावी, फोटो काढावेत आणि डिलिव्हरीच्या कागदावर सही करण्याआधी नुकसान त्यावर लिहावे. कोरी सही दिली की माल चांगला मिळाला असे आपणच लिहून दिले. नुकसानीची लेखी नोटीस माल बुक झाल्याच्या तारखेपासून १८० दिवसांच्या आत ट्रान्सपोर्टला द्यावी लागते. नंतर दावा चालत नाही.

यंत्रच सदोष निघाले आणि विक्रेता दाद देत नसेल, तरी छोटा कारागीर निराधार नाही. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे, स्वयंरोजगाराने केवळ आपली उपजीविका चालवण्यासाठी यंत्र घेणारा माणूस ग्राहकच मानला जातो. तक्रार विक्रेत्याच्या गावी जाऊन करावी लागत नाही. आपण राहतो त्या जिल्ह्यात, म्हणजे परभणीच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे, दोन वर्षांच्या आत करता येते, आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीस फी नाही. मात्र बिल, कोटेशन आणि बिल्टी जवळ हवी.

पैसे देताना

न पाहिलेल्या विक्रेत्याला बयाणा पाठवण्यापूर्वी त्याचा जीएसटी क्रमांक घेऊन सरकारी पोर्टलवर ताडून पाहावा. क्रमांक पंधरा अक्षरांचा असतो व पहिले दोन आकडे राज्याचे. महाराष्ट्राचे २७, गुजरातचे २४, पंजाबचे ०३. विक्रेता राजकोटचा म्हणतो आणि क्रमांक दुसऱ्याच राज्याचा देतो, तर तेथेच थांबावे. पैसे पेढीच्या नावाच्या खात्यातच द्यावेत, कोणाच्या खासगी नंबरवर नव्हे. शक्य तर अर्धी रक्कम बिल्टीची प्रत हाती आल्यावर द्यावी.

उधारीत घ्यायचे असेल तर रोखीचा भाव व उधारीचा भाव यांपैकी एक ठरवून, मुदत ठरवून, तो लिहून घ्यावा. उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याची ताकीद कुरआनात सूरह बकराच्या २८२ व्या आयतीत आहे, हे आपल्या वाचकांना सांगायला नको. 'बिनव्याजी हप्ता' या नावाने कार्डावर जे मिळते त्यात बहुधा बँकेचे व्याज असतेच. विक्रेता तेवढी सूट दाखवून ते झाकतो, आणि प्रोसेसिंग फी व व्याजावरचा कर ग्राहकावर पडतो. शून्य टक्के व्याज असे काही नसतेच, असे रिझर्व्ह बँकेने २०१३ साली बँकांना बजावले होते. ज्याला व्याज टाळायचे आहे त्याने नावावर जाऊ नये, कागद वाचावा. रोखीने घेणाऱ्याला तीच सूट थेट भावात मिळते का, हेही विचारावे.

बयाण्यापूर्वी लिहून घ्यायचे दहा प्रश्न

१. भावात मोटार, स्टार्टर, पाते, पट्टा, आडपट्टी यांपैकी काय आहे?
२. पात्याचे झाकण व मागची पट्टी आहे का?
३. पाते किती इंची, मोटार किती हॉर्सपॉवरची, सिंगल फेज की थ्री फेज?
४. भाव एक्स फॅक्टरी, की एफओआर? एफओआर असेल तर कोणते गाव?
५. जीएसटी भावात आहे की वेगळा?
६. पॅकिंगचे किती, आणि पाय सोडवून आडवे पॅक कराल का?
७. पॅक केल्यावर वजन किती आणि माप किती?
८. कोणत्या ट्रान्सपोर्टने, भाडे आधी दिलेले की 'टू पे', गोदामपोच की दुकानपोच?
९. विमा कोण काढणार, ई-वे बिल कोण काढणार, आणि वाटेत मोडले तर जबाबदारी कोणाची?
१०. हमी किती महिन्यांची, आणि सुटा भाग बदलायचा झाला तर त्याचे भाडे कोण देणार?

शेवटचा प्रश्न कोणी विचारत नाही. हमी 'एक वर्ष' असते, पण मोटार खराब झाली तर ती कारखान्यापर्यंत पाठवण्याचे व परत आणण्याचे भाडे गिऱ्हाइकाचे, असे बारीक अक्षरांत लिहिलेले असते. वीस-पंचवीस किलोची मोटार दोनदा हजार-आठशे किलोमीटर फिरवण्यापेक्षा परभणीत बांधून घेणे स्वस्त पडते. अशा हमीसाठी जादा पैसे मोजण्यात अर्थ नाही. जवळच्या विक्रेत्याची सहा महिन्यांची हमी दूरच्या दोन वर्षांच्या हमीपेक्षा भारी ठरू शकते.

इमानदार विक्रेता या दहा प्रश्नांनी रागावत नाही, उलट त्याला गिऱ्हाईक जाणते आहे हे कळते. जो टाळाटाळ करतो त्याचे उत्तर टाळाटाळीतच मिळाले. आणि ही पडतळ एकदा काढली की ती कागदावर जपून ठेवावी. उद्या चौकटीचा नि दाराचा भाव सांगताना यंत्राचा खर्च किती कामांवर वाटायचा, हे तोच कागद सांगेल. जो कारागीर आपल्या मालाचा भाव शेजाऱ्याकडे पाहून ठरवतो, तो मेहनत करूनही खसाऱ्यात राहतो. जो आपल्या पडतळीवरून ठरवतो, त्याला नफा कुठे आहे हे दिसते आणि गिऱ्हाइकालाही वाजवी भाव सांगता येतो.